लायगर, खेचर, झोमो, फुले त्रिवेणी : संकराचं नाव ठेवतं कोण?

पाटीपेन

संकरित प्राण्याची बातमी आली की छापील माध्यमांत नावाचा घोळ ठरलेला. मथळ्यात 'टायगॉन', मजकुरात 'लायगर', चित्राखाली 'वाघ-सिंहाचा बछडा'. यातले पहिले दोन वेगळे प्राणी आहेत. बाप सिंह आणि आई वाघीण असेल तर लायगर. बाप वाघ आणि आई सिंहीण असेल तर टायगॉन. बापाच्या इंग्रजी नावाचं डोकं आणि आईच्या नावाचं शेपूट, असा जोड.

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात हा जोड आणखी एक पायरी पुढे गेला. तिथे १९७१ साली रुद्राणी ही टायगॉन जन्मली. पुढे देवव्रत या आशियाई सिंहापासून तिला एकूण सात पिल्लं झाली. बाप लायन, आई टायगॉन, म्हणून पिल्लांना 'लिटिगॉन'. त्यांतल्या क्युबानाकानचं वजन ३६३ किलोंच्या घरात गेलं होतं. तो १९९१ मध्ये मेला. रशियात नोव्होसिबिर्स्कच्या प्राणिसंग्रहालयात २०१२ मध्ये सिंहापासून लायगर मादीला पिल्लू झालं, ते 'लिलायगर'. नाव सोलत गेलं की आजी-आजोबा सापडतात.

मला एका शब्दसूचीसाठी हे नीट लावायचं आहे. बाप आधी हा नियम कुठवर टिकतो? बाप कोण यानं प्राण्यात खरंच फरक पडतो की फक्त नावात? आणि आपल्या भाषांत अशा नावांची काय सोय आहे?

खुरशास्त्री

फरक पडतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. लायगर दोन्ही पालकांपेक्षा मोठा होतो. अमेरिकेतल्या हर्क्युलिस नावाच्या लायगरचं वजन ४१८.२ किलो नोंदलेलं आहे. टायगॉन मात्र सहसा पालकांच्या पुढे जात नाही. जनुकं त्याच दोन जातींची, मग असं का? प्रचलित स्पष्टीकरण असं: सस्तन प्राण्यांत काही जनुकांवर 'बापाकडून आलं' किंवा 'आईकडून आलं' असा शिक्का असतो आणि त्याप्रमाणे ती चालू किंवा बंद राहतात. सिंहीण अनेक नरांशी जुगते, त्यामुळे सिंहाकडून येणारी जनुकं पिल्लाची वाढ रेटणारी आणि सिंहिणीकडून येणारी ती आवरणारी, अशी रस्सीखेच त्या जातीत मुरलेली आहे. वाघिणीकडे तेवढा करकचून ब्रेक नाही. सिंहाचा रेटा आणि वाघिणीचा सैल ब्रेक एकत्र आले की लायगर.

पण ही सगळी पिंजऱ्यातली हौस. भारतात १९८५ पासून प्राणिसंग्रहालयांत असे संकर बंद आहेत आणि ते योग्यच झालं. लायगरमध्ये लठ्ठपणा, सांधे आणि मज्जासंस्थेची दुखणी हे नेहमीचं.

संकर हाच जिथे धंदा आहे तिथलं उदाहरण घ्या: खेचर. गाढव बाप, घोडी आई. उलट केलं, म्हणजे घोडा बाप आणि गाढवी आई, तर होणाऱ्या प्राण्याला इंग्रजीत 'हिनी' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, कारण ते मुद्दाम कोणी काढत नाही. खेचराचे कान लांब, खूर अरुंद आणि उभट. हिनीचं डोकं घोड्याकडे झुकतं, कान आखूड, अंगलट लहान. गाढवी घोड्यापासून फळण्याचं प्रमाण कमी, आणि पोटात जागाही कमी. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते, गाढवी १२ महिन्यांच्या आसपास. जास्त महिने थांबून लहान जनावर मिळणार असेल तर कोण करेल?

सरळमार्गी

म्हणजे इंग्रजीत ज्याचा धंदा होतो त्याला स्वतंत्र शब्द (म्यूल), आणि ज्याची बातमी होते त्याला चिकटवलेला शब्द (लायगर). एवढाच नियम दिसतोय मला.

शब्दवेडी

सरळमार्गी, विनोदात बोललात, पण बरोबर बोललात. संस्कृतात पाहा.

खेचराला संस्कृतात 'अश्वतर' म्हणतात. हा 'तर' लघुतर-गुरुतरमधला नव्हे. पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे, ५.३.९१: 'वत्सोक्षाश्वर्षभेभ्यश्च तनुत्वे'. वत्स, उक्षन्, अश्व आणि ऋषभ या चार शब्दांना 'ष्टरच्' प्रत्यय लागतो आणि अर्थ होतो त्या गुणात कमी पडलेला. वत्सतर म्हणजे वासरूपण ओसरत चाललेला, मोठा होऊ लागलेला. ऋषभतर म्हणजे ओझं ओढायला कमी पडणारा बैल. मग अश्वतरात कमी काय पडलं? पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, उत्तर देते: 'अन्यपितृकता'. बाप दुसरा आहे, तेवढं घोडेपण उणं.

म्हणजे नावाचं मूळ आईच्या जातीवर (अश्व) आणि बापाची बातमी प्रत्ययात. 'बाप आधी' या इंग्रजी प्रथेच्या हे बरोबर उलटं आहे, आणि तरीही दिशा (बाप कोणत्या जातीचा, आई कोणत्या) अचूक कळते. अश्वतर म्हटलं की आई घोडीच.

वांझपणाचीही नोंद जुनी. ऐतरेय ब्राह्मणात अग्नी खेचरींच्या रथातून शर्यतीत धावतो आणि हाकताना त्यांच्या योनी जाळतो, म्हणून त्या वीत नाहीत, असं कारण दिलंय. महाभारतात 'गर्भमश्वतरी यथा' अशी उपमा येते: खेचरीला गर्भ राहिला तर तो तिचा मृत्यूच, तसं शत्रूला जवळ करणं. श्वेताश्वतर उपनिषदाच्या नावातही पांढरी खेचरं आहेत.

दुसरा शब्द 'वेसर'. कन्नडमधला 'हेसरगत्ते' त्याच्याच कुळातला. देवळांच्या वास्तुशैलींत नागर आणि द्राविड यांच्या मिश्र शैलीला वेसर म्हणतात, त्याचा अर्थ अनेक जण याच खेचराशी लावतात.

अवांतर: विसोबा खेचरांच्या नावातलं खेचर संस्कृतातलं, खे म्हणजे आकाशात चरणारा, खेचरी मुद्रेतलं तेच. ज्ञानेश्वरांनी त्यांना जनावराच्या अर्थानं खेचर म्हटलं अशीही आख्यायिका सांगतात, पण शब्द दोन आहेत हे लक्षात असलेलं बरं.

पाटीपेन

'अन्यपितृकता' हा शब्द वहीत लिहून घेतला. खुरशास्त्री, खेचर काढताना नेमकं काय करतात आणि कुठे बिनसतं, तेही लिहा ना. सूचीच्या टिपेत दोन ओळी हव्यात.

खुरशास्त्री

दोन ओळींत बसणार नाही, पण बघा.

पहिली अडचण उंची. आपल्याकडचं करडं गाढव फार बुटकं. सौराष्ट्रातलं हालारी त्यातल्या त्यात मोठं, तेही खांद्यापाशी साडेतीन फुटांच्या आसपास. लष्कराला लागणारं खेचर डोंगरावर तोफेचे सुटे भाग वाहणारं. त्यासाठी मोठ्या चणीचा नर लागतो. फ्रान्सचं पॉयटू जातीचं गाढव साडेचार फुटांच्या पुढे जातं, म्हणून बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात त्याचं रेत वापरतात. लष्कराच्या भाषेत खेचरांचे दोन वर्ग: डोंगरी तोफखान्याचं 'एमए' आणि सर्वसाधारण वाहतुकीचं 'जीएस'. नाव कामावरून पडलंय, आई-बापावरून नाही.

दुसरी अडचण नराचा स्वभाव. गाढवांत वाढलेला नर घोडीकडे ढुंकून बघत नाही. खेचरासाठी ठेवायचा नर शिंगरू असल्यापासून घोड्यांच्या शिंगरांत वाढवतात. नैसर्गिक भरवण करायची तर घोडी सखल जागेत उभी करतात, म्हणजे उंचीचा फरक निघतो. कृत्रिम रेतनात हा खटाटोप वाचतो.

तिसरी अडचण जीवघेणी आहे आणि तीच लोक विसरतात. गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक प्रतिजन (परक्या शरीराला खटकणारा घटक) असतो जो घोड्यांत नसतो. तो बापाकडून प्रत्येक खेचराला मिळतो. पहिल्या वेतात शिंगराचं थोडं रक्त घोडीच्या रक्तात मिसळलं की तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. ती पोटातल्या शिंगरापर्यंत पोचत नाहीत. ती उतरतात चिकात. म्हणजे शिंगरू जन्मतं ठणठणीत, उभं राहतं, चीक पितं, आणि दिवस-दोन दिवसांत मलूल होतं. हिरड्या आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, लघवी लाल. पहिल्या वेताला सहसा होत नाही, पुढच्या वेतांना धोका. खेचरांत हे प्रमाण दहात एकाच्या जवळ जातं, घोड्यांच्या शिंगरांत त्याहून बरंच कमी.

टाळायचं असेल तर शिंगरानं तोंड लावायच्या आत तपासणी. घोडीचा चीक सलाइनमध्ये १:२, १:४, १:८ असा दुपटीनं पातळ करत जायचा, प्रत्येक नळीत शिंगराच्या रक्ताचा एक थेंब, फिरवून बघायचं गोळा बसतो का. घोड्याच्या शिंगरात १:१६ ला गुठळी टिकली तर धोका धरतात, खेचरात १:६४. धोका दिसला की शिंगराला मुसकं बांधायचं, आईजवळ राहू द्यायचं पण पिऊ द्यायचं नाही. कधीच गाढवापासून न फळलेल्या दुसऱ्या घोडीचा चीक पहिल्या ६-८ तासांत, एकूण एक-दोन लिटर, थोडा थोडा करून पाजायचा. इकडे आईला दर एक-दोन तासांनी पिळून तो चीक फेकायचा. २४ ते ३६ तासांनी शिंगराच्या आतड्याची दारं बंद होतात आणि प्रतिद्रव्यं आत शिरू शकत नाहीत. मग मुसकं काढा.

घाईत होणारी चूक एकच: 'चीक म्हणजे अमृत' म्हणून लगेच आईला लावणं. एरवी सल्ला बरोबर आहे, इथे तोच मारतो.

दूधगंगा

छान माहिती. आता गोठ्यात या. आपल्याकडे 'संकरित' हा शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो तो गायीसाठी, आणि तिथे नावाची वेगळीच तऱ्हा आहे.

गावात अंगावर वशिंड नसलेली कुठलीही दुभती गाय 'जर्शी'. तिच्यात जर्सीचा थेंब नसेना का. काळी-पांढरी असेल तर 'एचेप', म्हणजे एचएफ, होल्स्टीन-फ्रीझियन (पुढे कुठे होल्स्टीन, कुठे फ्रीझियन म्हटलंय ती हीच). ही झाली बाजारातली नावं. संस्थांनी ठेवलेली नावं बघा: फ्रीझियन आणि साहिवाल मिळून 'फ्रीझवाल', जर्सी आणि सिंधी मिळून 'जरसिंध', जर्सी आणि थारपारकर मिळून 'जरथार'. लायगरचाच साचा, विदेशी वळू आधी. कर्नालच्या संस्थेनं मात्र गावाचं नाव लावलं: 'करण फ्राइज' (थारपारकर गायींवर होल्स्टीन) आणि 'करण स्विस' (साहिवाल गायींवर ब्राउन स्विस). राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' मला सगळ्यांत आवडते, कारण नावातच तीन प्रवाह आहेत: होल्स्टीन, जर्सी, गीर.

पण गोठ्याला नावापेक्षा टक्का लागतो. त्रिवेणीत होल्स्टीन ५०, जर्सी २५, गीर २५. गणित सोपं: गीर गायीला जर्सीपासून झालेली कालवड अर्धी-अर्धी. ती होल्स्टीननं भरवली की होल्स्टीन निम्मा, उरलेल्या निम्म्यात जर्सी आणि गीर सारखे. फ्रीझवालमध्ये फ्रीझियन ६२.५, म्हणजे ५/८. हा आकडा कसा येतो? अर्धी कालवड पुन्हा फ्रीझियनने भरवली की ३/४. मग ३/४ आणि १/२ यांची जोडी लावली की सरासरी ५/८. टक्के बघून कुठली जोडी लागली हे उलट काढता येतं. नुसत्या नावावरून येत नाही.

रेतन कार्डावर लिहायची रीत: वळू आधी, गाय नंतर, मध्ये ×. 'जर्सी × गीर' म्हणजे बाप जर्सी. वनस्पतीवाल्यांकडे बऱ्याचदा आई आधी लिहितात. दोन्ही क्षेत्रांतला मजकूर एकत्र आणणाऱ्यांनी तेवढं सांभाळा, नाहीतर सगळे बाप आया होतील.

सरळमार्गी

मग गाय-म्हशीचा संकर? 'बीफॅलो' नावाचं जनावर अमेरिकेत आहे असं दोन ठिकाणी वाचलं. भाषांतर: 'गाय आणि म्हैस यांचा संकर'.

दूधगंगा

भाषांतराची चूक. त्यातलं 'बफॅलो' म्हणजे अमेरिकन बायसन, म्हैस नव्हे. बीफॅलोचं प्रमाण ठरलेलं आहे: ३/८ बायसन, ५/८ गाय. आपली म्हैस ५० गुणसूत्रांची, गाय ६० ची. त्यांचं वासरू होत नाही. गोठ्यात म्हैस गाय-वळूपासून गाभण राहिली असा दावा ऐकलात तर दुसरा टोणगा कुठे बांधला होता ते आधी विचारा. आणि बायसनला 'गवा' लिहू नका. गव्याला इंग्रजीत चुकून 'इंडियन बायसन' म्हणत आले, त्याची सव्याज परतफेड आपण करायला नको.

पोलंडमध्ये बायसनचा युरोपीय भाऊबंद आणि गाय यांचा संकर काढला, त्याला नाव देण्यासाठी १९६९ मध्ये 'प्शेक्रुय' साप्ताहिकानं वाचकांची स्पर्धा घेतली. शेकडो सूचनांतून 'झुब्रोन्य' ठरलं. नाव वाचकांनी ठेवलेला हा एकच प्राणी मला माहीत आहे.

लडाखी_चहा

धागा डोंगर उतरायच्या आत लिहितो.

याक आणि गाय दोघांची गुणसूत्रं ६०. तरी संकराचा नर वांझ असतो, मादी वीते. लडाखमध्ये म्हणूनच नाव लिंगावर बेतलेलं आहे. नर तो 'झो', मादी ती 'झोमो'. झो नांगराला आणि ओझ्याला, झोमो दुधाला. झोमो याकच्या मादीपेक्षा जास्त दूध देते आणि गायीपेक्षा जास्त थंडी सोसते, हाच संकराचा फायदा. झो वांझ असल्यामुळे गळ्यातलं जू काढून पैदाशीला ठेवायचा प्रश्नच नाही, आणि ते नावातच सांगून टाकलंय.

नेपाळात संकर मादीला 'चौरी' म्हणतात, आणि तिच्यातही 'डिमजो' आणि 'उरांग' असे प्रकार करतात. याकच्या मादीला तिकडे 'नाक' म्हणतात (मराठी वाचकानं हसून घ्यावं, मग पुढे वाचावं). मूळ भाषेत 'याक' हा शब्द फक्त नरासाठी आहे. 'याकचं दूध' म्हणणं तिकडच्या कानाला 'बैलाचं दूध' असं लागतं.

पूर्वेला भूतानमध्ये मिथुन (गव्याचा पाळीव भाऊबंद) आणि गाय. नर 'जत्सा', मादी 'जत्साम'. मिथुन ५८ गुणसूत्रांचा, गाय ६० ची, संकर ५९ चा. तिथेही नर वांझ, मादी दुधाची.

मध्य आशियात एक वशिंडाचा आणि दोन वशिंडांचा उंट यांचा पहिल्या पिढीचा संकर दोघांपेक्षा दणकट होतो. कझाक लोक त्याला 'नर' म्हणतात. मादीलाही 'नर' म्हणायची वेळ येते तेव्हा मराठीत वाक्य लिहून बघा. तुर्कस्तानात 'तुलू', उंटांच्या कुस्तीतला पैलवान तोच. पुढची पिढी मात्र पडती निघते, म्हणून दर वेळी शुद्ध पालकांपासून नव्यानं पैदास करतात.

खुरशास्त्री

इथे एक गैरसमज खोडतो, कारण शाळेच्या पुस्तकांतून तो घट्ट बसलाय. 'गुणसूत्रांची संख्या जुळली नाही म्हणून संकर वांझ' हे खेचराबाबत बरंचसं बरोबर आहे. घोडा ६४, गाढव ६२, खेचर ६३. घोडीकडून ३२, गाढवाकडून ३१, जोड्या लागत नाहीत, शुक्राणू-बीजांड बनताना गाडं अडतं. पण याक-गाय ६०-६० असूनही झो वांझ. वाघ-सिंह दोघे ३८-३८, तरी लायगर नर वांझ, मादी वीते. आकडा जुळला म्हणजे मजकूर जुळला असं नाही.

नर आणि मादी यांतला हा भेद ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये सूत्रात मांडला: संकरात एकच लिंग वांझ, दुर्मीळ किंवा गायब असेल तर ते वेगवेगळी लिंग-गुणसूत्रं असणारं लिंग असतं. सस्तन प्राण्यांत तो नर. पक्ष्यांत उलट, मादी. रुद्राणीला पिल्लं झाली, तिच्या भावाला झाली नसती, ते यामुळे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, आधी कोलकाता, मग भुवनेश्वर, आणि १९६४ मध्ये तिथेच वारले. अलीपूरची टायगॉन बघायला सात वर्षं आधी गेले!

माळरान

पाटीपेन यांच्या पहिल्या प्रश्नाकडे परत. 'बाप आधी' हा नियम तिथेच टिकतो जिथे बाप माहीत असतो. पिंजऱ्यात, गोठ्यात, तबेल्यात. रानात जुगणी कोणी पाहिलेली नसते.

ग्रीनलंडमधल्या एका शिकाऱ्याच्या छपरावर एक विचित्र कवटी होती. २०१९ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली: आई नारव्हाल, बाप बेलुगा (दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातल्या देवमाशांच्या जाती). इंग्रजीत नाव पडलं 'नारलुगा'. आईचं डोकं आधी! नियमानं 'बेलव्हाल' व्हायला हवं होतं, पण तोंडात नारलुगा बसलं आणि राहिलं. त्या कवटीत १८ दात होते. नारव्हालला तोंडात दात जवळजवळ नसतातच, बेलुगाला चाळिसापर्यंत.

कॅनडात बँक्स बेटावर २००६ मध्ये मारलेलं अस्वल: बाप ग्रिझली, आई ध्रुवीय. काहींनी 'ग्रोलर' म्हटलं (नियमानुसार), काहींनी 'पिझली' (ऐकायला गंमतशीर म्हणून). इन्युइट शब्दांवरून 'नानुलाक' हेही पुढे आलं: ध्रुवीय अस्वल 'नानुक', ग्रिझली 'अक्लाक'.

दिशा कशी काढतात ते सांगतो, कारण नावाचं मूळ तिथे आहे. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. नराच्या वाय गुणसूत्राचा फक्त बापाकडून. दोन्ही तपासले तर दिशा मिळते. पण संकर मादी असेल तर वाय नाहीच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असेल तर मायटोकाँड्रिया फक्त आईच्या आईच्या आईबद्दल बोलतो. तेव्हा एकट्या त्या पुराव्यावर 'पहिल्या पिढीचा' असं लिहू नये. अर्धा-अर्धा वाटा आहे की पाव, हे संपूर्ण जनुकसंचावरून ठरतं.

हे आपल्या दाराशी आलंय. पुण्याजवळच्या माळरानातून लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लांडगा, कुत्रा, कोल्हा तिघांची गुणसूत्रं ७८, आणि लांडगा-कुत्रा संकर वांझही नसतो. म्हणजे तो पुन्हा लांडग्यांत मिसळतो. भटक्या कुत्र्यांची संख्या आणि उकिरडे वाढले की हे वाढणार.

सरळमार्गी

लांडकुत्रा! लांडकुत्रा म्हणा! आणि लायगरला 'सिंवाघ', टायगॉनला 'वासिंह'. डोकं-शेपूट, बाप आधी.

शब्दवेडी

'वासिंह' ऐकून 'वा, सिंह!' वाटतं. चिकटवलेले शब्द इंग्रजीला पचतात कारण लायनचा 'लाय' तोडला तरी कानाला तो ओळखू येतो. मराठीत 'सिंह'चा 'सिं' तोडला की मागे काहीच उरत नाही. समासही अडचणीचा: 'सिंहव्याघ्र' हा द्वंद्व वाचला तर सिंह आणि वाघ असे दोन प्राणी उभे राहतात.

पण मराठीला नव्या नामाची गरजच नाही असं मला वाटतं. गोठ्यातलं वाक्य घ्या: 'गीर गाईला जर्सीपासून झालेली कालवड'. आईला 'ला', बापाला 'पासून'. या धाग्यात सगळ्यांनी नकळत तेच वापरलंय, वर चाळून बघा. 'वाघिणीला सिंहापासून झालेलं पिल्लू' म्हटलं की लायगर, टायगॉन यांतला घोळ होतच नाही.

पाटीपेन

हे काम झालं. सूचीत आता प्रत्येक नोंदीची पहिली ओळ 'ला-पासून'ची, मग रूढ नाव जसं उच्चारतात तसं. उदाहरणार्थ: 'बॉटलनोझ डॉल्फिन मादीला फॉल्स किलर व्हेलपासून झालेली, व्होल्फिन'. हवाईतली केकाइमालू, १९८५. आईच्या जातीत दात ८८, बापाच्या ४४, हिला ६६. बरोबर ना?

माळरान

आकडे बरोबर. फक्त 'व्हेल' वाचून कोणी देवमासा लिहील. फॉल्स किलर व्हेल डॉल्फिनच्याच कुळातला आहे. कंसात 'डॉल्फिनकुळातला' टाका. केकाइमालू वांझ नव्हती, तिला पिल्लं झाली, तेही टाका.

आणि लांडग्याच्या संकराला सूचीत नाव देऊ नका. नाव मिळालं की पाळायला मागणी येते. बंगाल मांजर आणि सॅव्हाना मांजर हे असंच सुरू झालं. सॅव्हानाचा बाप सर्व्हल, हे आफ्रिकेतलं रानमांजर, ज्याची मादी ७४ दिवस गाभण राहते, आणि आई घरगुती मांजर, ६५ दिवसांची. मधल्या दिवसांत अपुरी पिल्लं पडतात. 'लांडगा-कुत्रा संकर, दिशा अनिश्चित' एवढंच लिहा.

दूधगंगा

उंट-लामाची 'कामा' राहिली. दुबई, १९९८. लामा मादीला एक वशिंडाच्या उंटापासून, कृत्रिम रेतनानं; उंट लामापेक्षा कितीतरी पट वजनदार, नैसर्गिक शक्यच नाही. दोघे ७४ गुणसूत्रांचे. उंटकुळात मादी जुगल्यावरच बीज सोडते, म्हणून आधी संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. पिल्लाला वशिंड नव्हतं. नाव बाप आधी: कॅमलचा 'का', लामाचा 'मा'.

खुरशास्त्री

आणि 'शेळी-मेंढी संकर' म्हणून फिरणारं 'गीप'चं छायाचित्र टाकायच्या आधी तपासा. केंब्रिजचं १९८४ चं गीप संकर नाही. दोन भ्रूण लहान असताना मिसळून केलेला प्राणी. त्याला आई-बाप दोन नाहीत, चार. अंगावर कुठे शेळीचे केस, कुठे मेंढीची लोकर, ठिगळासारखी. खरा संकर असता तर प्रत्येक पेशीत ५७ गुणसूत्रं असती (शेळी ६०, मेंढी ५४) आणि अंगभर एकच मिश्र केस. तिथे 'ला-पासून' चालणार नाही, पाटीपेन. वेगळी नोंद करा.